नवे आवाज वरच्या सुरात का चिरकतात

सिंथेसायझर व्ही स्टुडिओ म्हणजे दिलेले शब्द आणि सूर गाऊन दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचे नवे एआय आवाज वरच्या सुरात चिरकतात, जुनेच बरे होते, अशी एक तक्रार आहे. दोष आवाजाचा कमी, सेटिंगचा जास्त. ताकदीचा व्होकल मोड (म्हणजे जोरकस गायनशैली) पूर्ण चढवून त्यावर टेन्शनही (आवाजातला ताण) वाढवलं की जोर दुहेरी पडतो. आधी टेन्शन शून्यावर आणा, मग मोड थोडा थोडा उतरवा. तरी आवाज ताणलेला वाटला तर टोन शिफ्ट खाली घ्या: सूर तोच राहतो, पोत मात्र खालच्या पट्टीत गातानाचा मिळतो. माझ्या मते सगळ्यात कामाचं फीचर हेच, पण चर्चा मात्र नव्या आवाजांना दिलेल्या पात्रांच्या चित्रांची!

एआय रीटेक्स, म्हणजे तीच जागा सॉफ्टवेअरकडून वेगळ्या तऱ्हेने पुन्हा गाऊन घेणं, अख्ख्या ओळीवर नको, खटकणाऱ्या दोन-तीन नोट्सवरच चालवा. पिच, टायमिंग, टिंबर (आवाजाचा पोत) वेगवेगळे बदलता येतात. पिच डेव्हिएशन (हाताने दिलेला सुराचा चढउतार) सुराच्या मूळ रेषेत मिळवलं जातं, त्यामुळे रीटेक आधी आणि हाताची दुरुस्ती नंतर. उलट केलंत तर सूर सरकतो.

क्रॉस-लिंग्वलमध्ये, म्हणजे आवाजाला त्याच्या मूळ भाषेऐवजी दुसऱ्या भाषेत गायला लावताना, सलग आलेली व्यंजनं अजूनही गिळली जातात. तिथे फोनीमची (उच्चारातल्या एकेका ध्वनीची) लांबी हातानेच वाढवावी लागते.