‘पीअर-टू-पीअर’ला काय म्हणावं: जोडी, भिडू की सावड?

(बोलणारे चौघे, आपापल्या गावाच्या नावानं.)

रावेर : केळीबागेतले ओलावा मोजणारे सेन्सर मध्ये राउटर न घेता आपापसात बोलतात. शेतकऱ्यांच्या माहितीपत्रकात त्याला काय लिहावं? ‘समकक्ष ते समकक्ष’ लिहिलं तर दुसरी ओळ कुणी वाचणार नाही.

जळगाव : आधी ‘पेअर’ आणि ‘पीअर’ वेगळे करा, देवनागरीत हमखास घोळ होतो. पेअर म्हणजे जोडी. फोन आणि इअरबडची लावतो ती. पीअर म्हणजे बरोबरीचा. ईएसपी-नाऊमध्ये, म्हणजे ईएसपी चिपा राउटरशिवाय एकमेकींशी बोलतात त्या पद्धतीत, समोरच्या उपकरणाचा 6 बाइटचा मॅक पत्ता (त्याचा ओळखक्रमांक) नोंदवावा लागतो, ती आज्ञा ‘ॲड पीअर’. तिथे ‘जोडी लावा’ लिहिलंत तर माणूस बटण शोधत बसेल. ‘भिडू नोंदवा’ लिहा. जोडीत दोघंच, डावात भिडू कितीही. इथे मात्र 20 पर्यंतच. पहिल्या आवृत्तीत एका निरोपात 250 बाइट मावतात, ओलाव्याच्या आकड्याला ते रग्गड.

अमळनेर : उपकरणाला भिडू ठीक, पण रचनेला ‘सावड’ म्हणा. आज माझे बैल तुझ्या वावरात, उद्या तुझे माझ्या. ‘इर्जिक’ नको. तिथे सगळे एकाच्याच शेतात राबतात आणि तो जेवू घालतो. सगळ्या सेन्सरांनी एकाच गेटवेला, म्हणजे आकडे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या पेटीला, आकडे द्यावेत तसं.

धुळे : सावड सरसकट चिकटवू नका. झिगबी या बिनतारी पद्धतीत मेश (एकमेकांचे निरोप पुढे देणारं जाळं) असली तरी जाळं उभं करणारा कोऑर्डिनेटर एकच, आणि सेलवर चालणारी झोपाळू उपकरणं दुसऱ्याचा निरोप पुढे देतच नाहीत. ही कसली सावड! ईएसपी-नाऊमध्येही निरोप पुढे ढकलायचा प्रोग्रॅम आपणच लिहायचा, आणि ज्यानं ढकलायचा त्यानं जागं राहायचं. ब्लूटूथ मेशमध्ये झोपलेल्याचे निरोप राखून ठेवणारा ‘फ्रेंड नोड’ असतो. त्याला ‘मित्र’पेक्षा ‘शेजारी’ बरा: घर बंद असलं की टपाल शेजारीच घेतो.

रावेर : आणि भिडू एकमेकांना ऐकेनासे झाले तर?

जळगाव : बहुतेकदा चॅनेल, म्हणजे वायफायचा ठरावीक लहरीपट्टा. (‘वाहिनी’ लिहू नका, छापताना वहिनी होते.) एक भिडू राउटरला जोडला की तो राउटरच्या चॅनेलवर जातो, समजा 11 वर, बाकीचे 1 वरच हाका मारत राहतात. राउटर ‘ऑटो’वर असेल तर लाइट जाऊन आली की चॅनेल बदलू शकतं, म्हणजे काल चाललेलं आज बंद. राउटरमध्ये चॅनेल कायमचं ठरवा आणि तेच सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये टाका.

दुसरं कारण पीक. मृगबाग लावल्या लावल्या तपासलं तर सगळं उत्तम चालतं. दीड बाय दीड मीटरवरची केळी वाढून पानाला पान भिडलं की पाण्यानं भरलेल्या पानाखोडांत 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी जिरतात. चाचणी वाढलेल्या बागेत घ्या, अँटेना पानांच्या वर काढा. तरीही जमेना तर 865 ते 867 मेगाहर्ट्झची लोरा, ही लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत.

अमळनेर : ‘युबिक्विटस कम्प्युटिंग’साठी ‘सर्वव्यापी संगणन’ मात्र गाळा. सर्वव्यापी म्हटलं की पांडुरंग आठवतो. ‘ठायीठायी संगणक’ चालेल.

रावेर : मग वाक्य असं: ‘भिडू नोंदवा, सर्वांचं चॅनेल एक ठेवा आणि निरोप सर्वांना पाठवून पोच तपासा.’

धुळे : शेवटचा तुकडा चुकला. नोंदवलेल्या एका भिडूला पाठवलं तर पोच मिळते. सर्वांना एकदम पाठवणं म्हणजे दवंडी. तिची पोच येत नाही, आणि ती कुलूपबंदही (एन्क्रिप्ट) करता येत नाही.