व्हीगन फाइन डायनिंग आणि काजू-पिस्त्याची ॲलर्जी : बुकिंग करताना नेमके काय विचारावे?

आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही सगळे एका पूर्णपणे व्हीगन (म्हणजे दूध-तुपासह कोणताही प्राणिजन्य पदार्थ न वापरणाऱ्या) फाइन डायनिंग रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाणार आहोत. तिथे शेफने ठरवलेला आठ कोर्सचा टेस्टिंग मेनूच घ्यावा लागतो. माझ्या धाकट्या बहिणीला काजू आणि पिस्ता या दोन्हींची तीव्र ॲलर्जी आहे. (ही दोन्ही झाडे एकाच कुळातली, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला बहुधा दुसऱ्याचीही असते.)

व्हीगन स्वयंपाकघरात काजू केवळ वरून पेरण्यापुरता नसतो, हेच काळजीचे कारण आहे. भिजवून बारीक वाटलेला काजू सॉसमध्ये सायीची जागा घेतो, तोच आंबवून चीज करतात, आणि गोडाच्या कोर्समध्ये तर तो डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय अशा मेनूतले बरेचसे सॉस, तेले आणि आंबवलेले पदार्थ आधीच तयार करून ठेवलेले असतात, त्यामुळे ऐन वेळी वाढणाऱ्याला 'यात काजू नको' असे सांगून भागत नाही.

बुकिंगच्या फॉर्ममध्ये मी ॲलर्जीची नोंद केली, तेव्हा 'ते घटक वगळून देऊ' एवढेच उत्तर आले. ज्या पदार्थाचा सगळा डोलारा काजूच्या सॉसवर उभा आहे, त्यातून काजू वगळल्यावर ताटलीत उरते काय? एकदा दुसऱ्या एका ठिकाणी आम्हा सर्वांना देखणे डेझर्ट आले आणि तिच्यापुढे चिरलेली फळे ठेवली गेली. ती काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटले. सूर्यफुलाच्या बिया, ओट, सोया, नारळ असे पर्याय असताना हे टाळता येण्यासारखे आहे, असे माझे ठाम मत आहे.

अशा रेस्टॉरंटमध्ये काम केलेल्यांनी किंवा ॲलर्जी सांभाळून तिथे जेवलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. तिच्यासाठी पर्यायी कोर्स तयार व्हावेत म्हणून किती दिवस आधी आणि थेट शेफशीच बोलावे का? युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटनाही ठरावीक १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. तशी कोर्सनिहाय यादी इतर ठिकाणी मागितली तर देतात का, की तो आगाऊपणा समजला जातो? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काजू वाटलेला ब्लेंडर, चमचे आणि तळणीचे तेल वेगळे ठेवले जाते की नाही, हे कोणत्या शब्दांत विचारले म्हणजे 'हो, काळजी घेतो' यापेक्षा नेमके उत्तर मिळेल? ॲलर्जीचा तीव्र झटका आल्यास तातडीने द्यायचे तिचे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन आम्ही नेहमीप्रमाणे सोबत ठेवूच, पण त्या भरवशावर तिला जेवायला बसवायचे नाही. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर बुकिंग रद्द करण्याची मुदत संपण्यापूर्वी दुसरी जागा शोधण्याची माझी तयारी आहे.