कुत्र्याच्या गोचिडांवर सुगंधी तेल लावावं का?

वनजाई:
पावसाळ्यात गोचीड वाढले की गोळी द्या नाहीतर मानेवर औषध टाका, एवढंच सांगितलं जातं. माझं मत असं की प्रमाण पाळलं तर सुगंधी तेलानेही काम भागतं. ३० मि.लि. खोबरेल तेलात टी ट्रीचे (टी ट्री झाडाच्या पानांतून काढलेलं उग्र वासाचं तेल) ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का. मान, पाठ आणि शेपटीच्या बुडाशी हलक्या हाताने चोळायचं. डोळे, नाक, खरचटलेली जागा टाळायची. लोक निव्वळ तेल ओततात आणि मग तेलाला दोष देतात.

कातळकडा:
प्रमाण बरोबर, निष्कर्ष चूक. १ टक्क्याने गोचीड मरेल याचा भरवसा नाही, आणि तीव्रता वाढवली तर कुत्राच आधी आजारी पडतो. अमेरिकेतल्या एका प्राणी-विषबाधा केंद्राच्या २००२ ते २०१२ या काळातल्या टी ट्री तेलाच्या ४४३ नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत ३३७ कुत्रे होते. बहुतेक ठिकाणी मालकांनी तेल मुद्दाम, उपाय म्हणूनच वापरलं होतं. लाळ गळणं, सुस्ती, पाय लुळे पडणं, झोक जाणं, थरथर. सुरुवात २ ते १२ तासांत, त्रास ७२ तासांपर्यंत. यातले टर्पीन, म्हणजे तेलातले उडून जाणारे घटक, कातडीतून झटकन आत जातात, शिवाय कुत्रा अंग चाटतो तेव्हा तेच तेल पोटातही जातं.

पाण्यात थेंब टाकून फवारणं तर आणखी वाईट. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे एका फवाऱ्यात नुसतं पाणी येतं आणि दुसऱ्यात जवळपास निव्वळ तेल.

वनजाई:
त्या नोंदी १०० टक्के तेलाच्या आहेत, १ टक्क्याच्या नाहीत. आणि गोळ्या तरी निर्धोक कुठे? गोचीड-पिसवांवर दिल्या जाणाऱ्या आयसॉक्झॅझोलिन गटातल्या औषधांनी फिट येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्ये दिला आहे.

कातळकडा:
इशारा खरा आहे. म्हणूनच आधी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, दुसरं औषध निवडता येतं. पण गोळीची मात्रा वजनावर ठरलेली असते. तुमच्या बाटलीचा थेंब केवढा, ते ड्रॉपरवर अवलंबून! उघडून ठेवलेलं टी ट्री हवेने जुनं होतं आणि कातडीला जास्त झोंबतं, ते वेगळंच.

मूळ अडचण अशी की कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्यावर नसतोच. मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. अंगाला तेल चोळून त्या फटींचं काय होणार? चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. त्याच्यावर तेल किंवा रॉकेल टाकू नका; गुदमरताना तो पोटातलं जखमेत ओकू शकतो, आणि एर्लिकिया या जिवाणूसारखे रोगजंतू त्याच्याच तोंडातून येतात.

उंबरठा:
दोघांनी एक फरक सोडला. निंबोळी तेल बियांतून गाळलेलं स्थिर तेल आहे, उडून जाणारं सुगंधी तेल नाही. टी ट्रीचे नियम त्याला लागू नाहीत. कापूर मात्र कुत्र्याजवळ नकोच, पोटात गेला तर फिट येते. लव्हेंडरचा नुसता वास ही वेगळी गोष्ट: २००६ मध्ये ३२ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात गाडीच्या प्रवासातली अस्वस्थता कमी झाली. तरी बंद खोलीत डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारं उपकरण) लावून कुत्रा कोंडू नये, त्याला बाहेर पडायला वाट हवी. घरात मांजर असेल तर डिफ्यूझरही नको.

आणि निव्वळ तेल लागलंच तर भांडी घासायच्या लिक्विड साबणाने कोमट पाण्यात दोनदा धुवा, पुसून ऊब द्या, चाटू नये म्हणून गळ्यात कोन घाला. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात जातं. बाटली सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे.