मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतराचा कोणता आकडा धरावा?

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका शाळेत भूगोल शिकवतो. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर, हे वर्गात सर्वांना ठाऊक आहे; परंतु तिथून पुढे सॅन फ्रान्सिस्को किती लांब, या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर धरून गणित केले, तर सुमारे 13,510 किलोमीटर येतात. मर्केटर नकाशावर (ज्यात अक्षांश-रेखांश एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या सरळ रेषांनी दाखवतात) पॅसिफिकच्या बाजूने सरळ रेषा आखून तिच्यावरूनच प्रवास केला असे मानले, तर हेच अंतर 16,100 च्या घरात जाते. शिवाय दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे किमान अंतर सुमारे 12,400 किलोमीटर असताना, एअर इंडियाचे विमान 2016 मध्ये पॅसिफिकवरून 15,300 किलोमीटर उडाल्याचे वाचले. मुलांना कोणता आकडा सांगावा, आणि जवळची वाट सोडून विमान लांबून का जाते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर : सर, दोन शहरांमधील अंतर म्हणून 13,510 हाच आकडा द्यावा, कारण तो बृहद्‌वृत्तावरचा, म्हणजे गोलावर दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेवरचा आहे; बाकीचे आकडे त्या-त्या मार्गाची लांबी सांगतात. शाळेतील पृथ्वीगोल 30 सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर दोन्ही शहरांमध्ये ताणलेला दोरा साधारण 32 सेंटीमीटर भरेल. तो पूर्वेकडे न जाता जवळजवळ उत्तरेकडेच निघतो, हे पाहून मुले चकित होतील. (आपल्या नवापूरच्या जरा पश्चिमेकडून तो जातो, हेही त्यांना अवश्य दाखवावे.) पुढे काराकोरम ओलांडून तो 76 अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, आर्क्टिकमध्ये चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो.

प्रत्यक्षात विमाने या रेषेवरून तंतोतंत जात नाहीत. केबिनमधील दाब अचानक कमी झाला, तर विमान साधारण 10,000 फुटांपर्यंत खाली आणावे लागते, आणि काराकोरमची शिखरे त्याहून कितीतरी उंच आहेत. काही देशांचे आकाश बंद असते, ते वेगळेच. मात्र सर्वांत मोठे कारण वारा हेच आहे. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे 2016 च्या त्या उड्डाणाला लांबच्या वाटेनेही साडेचौदा तासच लागले. अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडे जाताना हेच वारे समोरून येतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. एक शंका उरते. विमान दहा किलोमीटर उंचीवरून उडते, त्यामुळे अंतर किती वाढत असेल?

उत्तर : त्रिज्या 6,371 ऐवजी 6,381 धरून पाहावे, एवढ्या लांबच्या प्रवासातही जेमतेम 21 किलोमीटर वाढतात.