मूल सांभाळणाऱ्या ताईंकडून रोजची कोणती कामं अपेक्षित ठेवता? (अनुभव धागा)

पुढच्या महिन्यात रजा संपतेय. २६ आठवड्यांतले काही बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे बाळ पाच महिन्यांचं असतानाच ऑफिसला हजर व्हायचंय. ब्युरोवाल्या बाईंना कामाचं विचारलं तर "सगळं करेल हो ती" एवढंच उत्तर मिळतं. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. तुमच्याकडे ताई काय करतात, काय करत नाहीत, खटके कशावरून उडाले, ते सविस्तर लिहा. पगाराचे आकडे शहरागणिक बदलतात, ते नाही लिहिले तरी चालतील.

ठाणे, मुलगी १४ महिन्यांची

आमचा नियम असा की मुलीचं जे जे, ते ताईंचं. आंघोळ, भरवणं, शी-शू, तिचे कपडे आणि दुपटी, बाटल्या उकळणं, मऊ भात किंवा नाचणीची खीर, झोपवणं, संध्याकाळी खाली बागेत नेणं. तिने केलेला पसारा तिच्यासोबतच आवरायचा. आमचे कपडे, आमची भांडी, केर-लादी यातलं काही नाही. त्याला वेगळ्या बाई आहेत.

तुमचं बाळ लहान आहे म्हणून दुधाचं लिहिते. काढून ठेवलेलं दूध खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. बाळाने तोंड लावलेली बाटली दोन तासांनंतर ओतून द्यायची. गरम करायचं ते कोमट पाण्यात बाटली धरून, मायक्रोवेव्हमध्ये नाही. आमच्या ताईंना वाचता येत नाही, तेव्हा तारखांच्या चिठ्ठ्यांचा काय उपयोग? मी बाटल्यांना रंगीत रबरबँड लावायचे. लाल आधी संपवायचं, मग पिवळं, मग हिरवं. कधी घोटाळा झाला नाही. उलट एकदा मीच हिरवी बाटली काढली तर त्यांनी हातातून घेऊन परत ठेवली!

पुणे, जुळे मुलगे, तीन वर्षांचे

सासूबाई घरी असतात. त्या स्वभावाने चांगल्या, पण "मुलं झोपलीत तर बसून काय करायचं, एवढे वाटाणे सोल" असं रोज सुरू झालं. वाटाण्यावरून कोथिंबीर, कोथिंबिरीवरून माळ्यावरचे डबे. ताई तोंडाने काही बोलल्या नाहीत, खाडे मात्र वाढले. मग नवऱ्याने त्याच्या आईशी बोलायचं (सुनेने बोलू नये, हा माझा ठाम सल्ला) आणि ताईंना काम सांगायचं ते फक्त मी, असं ठरलं. मुलं झोपतात तो ताईंचा जेवणाचा आणि पाठ टेकायचा वेळ. दोन जुळी दिवसभर सांभाळून बघा म्हणजे कळेल.

कोल्हापूर

पुण्याच्या ताईंशी अर्धीच सहमत. आमच्याकडच्या मावशी दुपारी पोळ्या लाटतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. त्यांनीच विचारलं होतं, "मोकळी बसून जीव रमत नाही, पोळ्या देता का?" त्यांना हवं असेल आणि मोबदला ठरला असेल तर कसली अडचण? फक्त बाळ जागं असताना गॅससमोर उभं राहायचं नाही, एवढी अट.

दुसरं म्हणजे औषध. ताप असो की जुलाब, आधी फोन, मग डॉक्टरांनी सांगितलेला डोस. गुटीबद्दलही पहिल्याच दिवशी बोला. मावशींच्या पद्धतीत गुटी मधात उगाळतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. आमच्या डॉक्टरांनी मावशींनाच समोर बसवून समजावलं. आता त्या शेजारणींना समजावतात.

बदलापूर

मला मूल नाही. माझी आई हे काम करते, म्हणून लिहिते. ती सकाळच्या लोकलने मुलुंडला जाते. बाळाचं काहीही करायला तिची ना नसते. रात्रभर रडलेलं बाळ असो, उलट्या असोत, ती करते. त्रास होतो तो न ठरलेल्या गोष्टींचा. सातची वेळ असते आणि "पाच मिनिटांत पोचते" म्हणत मॅडम आठला येतात. पुढची गाडी, मग स्टेशनवरून रिक्षा, घरी दहा. तो जास्तीचा तास कुणी मोजत नाही, खाडा मात्र लगेच कापतात. एका घरी चहाचा कप वेगळा, गॅलरीत ठेवलेला. बाळाला त्याच हातांनी भरवायचं.

कॅमेरा लावा, पण लावलाय हे आधी सांगा. आठवड्याची सुट्टी आणि सणाच्या सुट्ट्या पगारी असू द्या. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयात नोंदणी होते. फॉर्म भरायला जमलं तर मदत करा. आईचा मीच भरला.

नागपूर, बाबा, घरून काम

खटका मोबाइलवरून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि त्यानंतरही दिवसाला तासाभराच्या आतच. आम्ही ताईंना बजावलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "दादा, आजोबा सकाळी कार्टून लावून देतात, मग दिवसभर तो माझ्याकडे मागतो." बरोबरच होतं! आता भरवताना टीव्ही बंद, हा नियम आजोबांनाही लागू आहे. आजोबा रुसलेत.

मी घरात असलो तरी मूल रडलं की लगेच बाहेर येत नाही. आलो की ताईंचं ऐकतच नाही ते.

कॅलिफोर्निया

इथे सगळं कागदावर असतं. मुलांचं जेवण, मुलांचे कपडे, मुलांची खोली एवढं तिच्याकडे, कुटुंबाची भांडी नाहीत. ती तिच्या गाडीने मुलांना क्लासला सोडते, त्याचे मैलागणिक पैसे वेगळे. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४५ तासांच्या वर काम झालं की दीडपट दर, हा इथला कायदाच आहे. सुरुवातीला फार कोरडं वाटलं, पण त्यामुळे मी वेळेवर घरी पोचायला शिकले. आपल्याकडच्या एक काकू घरगुती पद्धतीने मुलं सांभाळतात, त्यांच्याकडे कागद नाही, आणि "आपल्याच आहेत" म्हणून लोक त्यांना शनिवारीही गृहीत धरतात. बदलापूरच्या ताईंचं वाचून त्याच आठवल्या.

नाशिक, मुलगा दोन वर्षांचा

धागा काढणाऱ्या ताईंना: रजा संपायच्या आधीचे आठ-दहा दिवस त्यांना बोलवाच, पूर्ण पगार देऊन. पहिले दोन दिवस तुम्ही करा, त्यांनी बघायचं. मग त्यांनी करायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत. शेवटी तासभर बाहेर जाऊन या. पोलीस पडताळणी, आधारची प्रत, घरचा पत्ता आणि त्यांच्या नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर ब्युरोच्या भरवशावर न सोडता स्वतः घ्या. बदली बाई पाठवणार असतील तर ती कोण, तेही आधी ठरवा. आमच्याकडे ताई आजारी पडल्या तेव्हा ब्युरोने भलतीच मुलगी पाठवली, जेमतेम पंधराची असेल. तिला चहा-पोहे दिले आणि रिक्षाने परत पोचवलं. त्या दिवशी मी सुट्टी टाकली.