टीआय-83 प्लसला घरच्या घरी मेमरी वाढवता येते का?

सर्वेवाला_सांगली
नमस्कार मंडळी, आतेभावाने अमेरिकेतून येताना त्याचा कॉलेजातला टीआय-83 प्लस ग्राफिंग कॅल्क्युलेटर मला दिला. मी सिव्हिल डिप्लोमाला आहे, ट्रॅव्हर्स आणि लेव्हलिंग या सर्व्हेच्या गणितांसाठी त्यावर बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायला लागलो आणि आता नादच लागलाय. पण वापरायला रॅम मिळते फक्त 24 केबी, ती प्रोग्राम आणि लिस्टांनी भरली, आता नवीन काही टाकायला गेलं की मेमरी एरर. आतली चिप बदलून मोठी बसवता येईल का की बाहेरून काही जोडायचं? सोल्डरिंग येतं मला.

झेडएटी_प्रेमी
आतली चिप बदलायच्या भानगडीत पडू नका. आतल्या झेड80 प्रोसेसरला एका वेळी 64 केबीच दिसतात, 16-16 केबीच्या चार खिडक्यांतून, आणि कोणत्या खिडकीत काय दाखवायचं ते ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. ती ओएस 32 केबी रॅम धरूनच लिहिलीय, त्यातले 8 केबी ती स्वतःला ठेवते म्हणून तुम्हाला 24 उरतात. पुरावा पाहिजे तर याचंच सिल्व्हर एडिशन मॉडेल बघा, आत 128 केबी रॅम आहे तरी युजरला 24च! मोठी चिप लावली तरी ओएस तिकडे ढुंकून बघणार नाही.
आधी हे सांगा, आर्काइव्ह वापरता का? फ्लॅश म्हणजे कायमस्वरूपी मेमरीत 160 केबी जागा पडून असते. मेमरी मेनूत जाऊन प्रोग्राम आर्काइव्ह करा, नावापुढे चांदणी येते. चालवायच्या आधी परत रॅममधे आणावा लागतो, नाहीतर एरर देतो. पण रॅम क्लिअर झाली तरी आर्काइव्हमधलं शाबूत राहतं, एवढ्यासाठी तरी ही सवय लावाच.

तपकीर_गल्ली
वरचं बरोबर आहे पण बाहेरून जोडायचं नक्की जमतं, मी केलंय. फक्त ती रॅम नव्हे हं, ते कपाट आहे, फाइल तिथे ठेवायची आणि लागली की परत मागवायची.
खालच्या 2.5 एमएम लिंक पोर्टला दोन डेटा वायरी आणि ग्राउंड, बस. दोन्ही वायरी एरवी हाय म्हणजे व्होल्टेजवर असतात. 0 पाठवायचा तर पाठवणारा एक वायर खाली ओढतो, 1 असेल तर दुसरी, घेणारा उरलेली वायर खाली ओढून पोचपावती देतो मग दोघं सोडतात. क्लॉक नाहीच, त्यामुळे टायमिंग काटेकोर लागत नाही, नवशिक्यासाठी हे फार सोयीचं आहे. मी अर्डुइनो ऊनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला, टीआय लिंकसाठी अर्टिकल नावाची तयार लायब्ररी आहे, आणि 24सी256 ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी चिप. ही चिप 256 किलोबिटची म्हणजे 32 केबी, अ‍ॅड्रेसच्या तीन पिना असल्याने ऊनो आणि चिपमधल्या त्याच दोन वायरींवर (डेटा आणि क्लॉक) आठ बसतात, 256 केबी झाले. कॅल्क्युलेटरला वाटतं की समोर दुसरा कॅल्क्युलेटरच आहे, नेहमीच्या लिंक मेनूतून सेंड करायचं.
लिंक वायरीला कधीही 5 व्होल्ट देऊ नका, फक्त खाली ओढायची किंवा सोडून द्यायची. पोर्टमधे सप्लायची वायर नाही म्हणून बॅटरी वेगळी. आणि माझे चार दिवस ज्यात गेले ते नीट वाचा, ईईप्रॉममधे एका दमात 64 बाइटचं पान लिहिता येतं, पानाची हद्द ओलांडली की पुढचे बाइट त्याच पानाच्या सुरुवातीला जाऊन बसतात, माझ्या सगळ्या फाइल मधूनच बिघडलेल्या यायच्या आणि मी वायरी तपासत बसलो होतो. पान लिहायला 5 मिलिसेकंद लागतात, तोवर पुढच्या बिटची पोचपावती रोखून धरा, कॅल्क्युलेटर थांबतो. ऊनोची रॅम 2 केबीच आहे, त्यामुळे अख्खी फाइल आधी घेऊ आणि मग लिहू असं चालत नाही, येईल तसं लिहीत जायचं.

एचपी48_नागपूर
खरी रॅम वाढवायची हौस असेल तर एचपीचा 48जीएक्स कॅल्क्युलेटर शोधा. 1993 चं मशीन, आत 128 केबी, वर कार्डाचे दोन स्लॉट, पहिल्यातलं 128 केबीचं कार्ड मुख्य मेमरीत मर्ज होतं, दुसऱ्यात 4 एमबीपर्यंत. साध्या 48जी ला स्लॉट नाहीत आणि रॅम 32 केबी, तिथे लोक आतली चिप काढून 128 ची लावतात आणि ती पूर्ण वापरता येते. पण त्याला स्क्रू नसतात, प्लास्टिकचे रिव्हेट तोडून उघडावं लागतं आणि कीपॅड कायमचा ढिला पडू शकतो. तुमचा चालू टीआय आहे, त्याच्यावर तरी असले प्रयोग नकोत.

सर्वेवाला_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच अकरा प्रोग्राम आर्काइव्हमधे टाकले, रॅम जवळजवळ मोकळी! ही सोय माहीतच नव्हती. तरी लिंकवालं मी बनवणारच, सगळ्या साइटचा डेटा एका डबीत ठेवायचाय. दादा, चिपच्या अ‍ॅड्रेस पिना मोकळ्या सोडल्या तर चालतं का?

तपकीर_गल्ली
नको, प्रत्येक पिन ग्राउंडला नाहीतर 5 व्होल्टला पक्की बांधा, आणि राइट प्रोटेक्टची पिन ग्राउंडला. चिपच्या डेटा आणि क्लॉक दोन्ही वायरींना 4.7 के ओहमचे पुलअप, म्हणजे 5 व्होल्टकडे जोडलेले रेझिस्टर लावा. आधी एकाच चिपवर चालवून बघा, ती फाइल बिनचूक परत आली की मग बाकीच्या जोडा.