मदत हवी आहे: सहाव्या नंबरसाठी देव कुणाच्या नावाने पाण्यात ठेवू?

झोपमोड, पुणे (रविवार, 13 एप्रिल 2025, सकाळी)

मंडळी, एनबीएमध्ये (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) माझा संघ लेकर्स. तुम्ही लेकर्सवाले असाल किंवा नसाल, जरा मदत करा.

काल सकाळी ह्यूस्टनला 140-109 असं धुतलं आणि पश्चिम विभागात आपला तिसरा नंबर पक्का झाला. आज रात्रीचा पोर्टलंडचा सामना नावापुरता, मोठी मंडळी बसूनच असणार. प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीत तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, आणि सहावा कोण याचा अजून पत्ता नाही. डेन्व्हर आणि क्लिपर्स 49-32 (जिंकले-हरले), मिनेसोटा आणि वॉरियर्स 48-33. शेवटचा एकेक सामना बाकी, सगळे आपल्याकडच्या रात्री 1 वाजता. क्लिपर्स आणि वॉरियर्स तर एकमेकांशीच भिडणार आहेत. डेन्व्हर-ह्यूस्टन आणि मिनेसोटा-युटा हे उरलेले दोन.

माझा मेहुणा फ्रीमाँटला असतो, कट्टर वॉरियर्सवाला. त्याने घरच्या ग्रुपवर भाकितांचा तक्ता टाकलाय. त्यात पहिला प्रश्न, "तुमच्या संघाला पहिल्या फेरीत कोण हवं आणि का?" 'का'ला वेगळे गुण. रात्री सामने सुरू व्हायच्या आत भरायचं आहे. "दाजी, या एकदा आमच्या तावडीत," हे त्याचं आठवडाभर चालू आहे.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण मला चारही दगडच दिसतात. मन मिनेसोटाकडे झुकतंय. गेल्या वर्षी आपल्या लुका डॉन्चिचने, तेव्हा डॅलसकडून खेळताना, त्यांना 4-1 ने घरी पाठवलं होतं. तुम्ही काय म्हणता? आणि रात्री जागायचं ते कुठल्या सामन्यासाठी? उद्या आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, त्यामुळे घरून परवानगी मिळाली आहे.

कोपऱ्यातला_थ्री

मिनेसोटा, डोळे झाकून. 2024 चा पश्चिमेचा अंतिम टप्पा, दुसरा सामना, मिनेसोटाचं घरचं मैदान, डॅलस दोनने मागे. समोर रुडी गोबेअर, बचावाची एवढी बक्षिसं मिळवलेला माणूस. लुकाने त्याला आत खेचल्यासारखं केलं, मग मागे सरकून तोंडावर थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारला. तीन सेकंद उरली होती. 109-108. गोबेअरला अजून झोपेत तो दिसत असेल. हवा तो गिऱ्हाईक मिळत असताना वॉरियर्सचे करी-बटलर कशाला अंगावर घ्यायचे?

जुना_पोस्ट, नागपूर

कोपऱ्यातले, तो थ्री मीही पाहिला, टाळ्याही वाजवल्या. पण त्या डॅलसकडे गॅफर्ड आणि लाइव्हली असे दोन उंच गडी होते. लुका गोबेअरला बाहेर ओढायचा आणि मागून लॉब (उंच पास) टाकला की हे दोघे रिंगमध्ये कोंबायचे. लेकर्सकडे ते काम कोण करणार? लुकाच्या बदल्यात अँथनी डेव्हिस गेला. शार्लटहून मार्क विल्यम्स आणला आणि वैद्यकीय तपासणीत नापास म्हणून सौदाच रद्द केला. उरला जॅक्सन हेज.

मी शाळा-कॉलेजात सेंटर खेळलोय, सिमेंटच्या कोर्टावर, म्हणून सांगतो. समोरचा तुमच्यापेक्षा अर्धा हात उंच असला की पहिल्या क्वार्टरला काही वाटत नाही. बॉल वर उडाला की तुम्ही त्याला पाठ लावता, कुल्ल्याने मागे ढकलता, निम्मे रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे बॉल) मिळतातही. पण त्याचं कोपर बरगडीवर, गुडघा मांडीच्या मागे, हे दर पझेशनला चालू असतं. चौथ्या क्वार्टरला पाय उचलायचेच थांबतात. लेकर्सच्या छोट्या संघात हे काम लेब्रॉन आणि हाचिमुरावर पडतं. लेब्रॉन 40 वर्षांचा आहे. समोर गोबेअर, रँडल आणि नाझ रीड आलटून पालटून. त्यात मॅक्डॅनियल्स लांब हातांचा. चौघांत मला नको असलेला संघ हाच.

आकडेमोड

यंदा लेकर्स-मिनेसोटा 2-2 आहे. डिसेंबरमध्ये मिनेसोटाने 109-80 असं हरवलं होतं, पण तेव्हा लुका नव्हता. लुका आल्यानंतर एकच सामना झाला, 27 फेब्रुवारीचा, तो 111-102 असा आपण जिंकला. पण त्यात गोबेअर पाठीमुळे बाहेर होता आणि अँथनी एडवर्ड्सला दुसऱ्या टेक्निकल फाउलवर (गैरवर्तनाबद्दलचा) बाहेर काढलं. म्हणजे पूर्ण ताकदीचा मिनेसोटा विरुद्ध लुकाचा लेकर्स हा सामना अजून झालेलाच नाही. या चार सामन्यांवरून काही ठरवू नका.

झोपमोड, तक्त्यातल्या 'का'साठी एक मुद्दा देते, मेहुण्याच्या डोक्यात आला नसेल. तिसरा-सहावा यांतला विजेता पुढे दुसरा-सातवा यांतल्या विजेत्याशी खेळतो. दुसरा ह्यूस्टन. म्हणजे या चौघांतला जो सातवा होऊन प्ले-इनमधून वर येईल, तो ह्यूस्टनशी झुंजणार आणि जिंकला तर दुसऱ्या फेरीत आपल्याच दारात. आज वॉरियर्सना टाळलं म्हणजे कायमचं टाळलं असं नाही.

झोपमोड

आकडेमोड, हे भारी आहे, तक्त्यात जसंच्या तसं टाकतो. पण प्ले-इनचं मला अजून नीट कळत नाही. सातवा आणि आठवा खेळतात ना?

आकडेमोड

हो. त्यांच्यातला जिंकणारा सातवा. हरणाऱ्याला अजून एक संधी, नववा-दहावा यांच्यातल्या विजेत्याशी, तो सामना जिंकणारा आठवा. नववा आणि दहावा एक हरले की घरी.

फॉगटाउन_कर

वॉरियर्सवाला बोलतोय. तुमच्या मेहुण्याला माझा नमस्कार सांगा. 3 एप्रिलला तुमच्याच घरी येऊन 123-116 केलं, ते विसरला नसाल. जिमी बटलर आल्यापासून आमचा संघ वेगळा आहे. पण खरं सांगू, आम्हालाही तुम्ही नको. ह्यूस्टन चालेल. तरुण पोरं आहेत, प्लेऑफमध्ये गडबडतील.

हिरवा_झेंडा

आमचं बोस्टन पूर्वेला निवांत बसलंय, पण तुमची ही चर्चा वाचून गेल्या वर्षीचं क्लीव्हलँड आठवलं. शेवटच्या दिवशी शार्लटविरुद्ध पुढे होते, मग चौथ्या क्वार्टरला मोठे खेळाडू बाकावर, सामना हरले आणि चौथ्या नंबरवर घसरून ऑर्लँडो पदरात पाडून घेतलं. मुद्दाम केलं असं ते कुणी कबूल करणार नाही. ऑर्लँडोला हरवायला त्यांना सात सामने लागले, आणि चौथ्या नंबरमुळे दुसऱ्या फेरीत आम्ही. 4-1. चालू द्या.

आकडेमोड

क्लीव्हलँड सोडा, 2006 चे क्लिपर्स हे त्या सगळ्यांचे आजोबा. त्या वेळी विभागातला प्रत्येक डिव्हिजन-विजेता (विभागातल्या छोट्या गटाचा अव्वल) पहिल्या तिघांत बसायचाच. त्यामुळे 44 सामने जिंकलेलं डेन्व्हर तिसरं आणि 60 जिंकलेलं डॅलस चौथं, कारण डॅलसच्या डिव्हिजनमध्ये सॅन अँटोनियो होतं. आता बघा गंमत. पाचवा आलात तर डॅलस, सहावा आलात तर डेन्व्हर. वर होम कोर्ट नंबरावर नाही, जिंकलेल्या सामन्यांवर, म्हणजे सहावे येऊनही क्लिपर्सना डेन्व्हरविरुद्ध घरचं मैदान. हंगामाच्या शेवटी मेम्फिस आणि क्लिपर्स भिडले तेव्हा हरण्यातच शहाणपण होतं. क्लिपर्स हरले. पुढे त्यांनी डेन्व्हरला 4-1 ने काढलं, आणि जिंकलेलं मेम्फिस डॅलसकडून 4-0 ने साफ. लीगने पुढच्याच हंगामात नियम बदलला.

म्हणजे निवडून घेणं कधी कधी जमतं. पण ते जमलं कारण नियमातच भोक होतं. उलट बाजू 2007 च्या डॅलसला विचारा. 67 सामने जिंकले, आणि आठव्या नंबरच्या वॉरियर्सनी सहा सामन्यांत घरी बसवलं. हंगामात तिन्ही वेळा वॉरियर्सच जिंकले होते आणि प्रशिक्षक डॉन नेल्सन डॅलसचाच जुना. खुणा सगळ्या समोर होत्या.

वाशीची_ताई

क्लिपर्सचं नाव कुणीच कसं घेत नाही? शहर एकच. विमान नको, हॉटेल नको, 40 वर्षांच्या माणसाला रोज रात्री स्वतःच्या पलंगावर झोप. मी तर क्लिपर्ससाठी देव पाण्यात ठेवीन. आमच्याकडे बदली मुंबईतल्या मुंबईत झाली की पेढे वाटतात.

जुना_पोस्ट, नागपूर

ताई, प्रवासाचा मुद्दा चुकीचा नाही. पण कवाय लेनर्ड सध्या धड आहे आणि हार्डन फॉर्मात. शिवाय झुबात्स सात फुटी, तो रिंगखाली खांब रोवल्यासारखा उभा राहतो. आपलं दुखणं तेच.

माझं मत विचाराल तर वॉरियर्स. होय, वॉरियर्स. करी तुम्हाला बाहेरून मारेल, एखाद्या रात्री दहा थ्री घालेल, पण त्यांचा सेंटर म्हणजे ड्रेमंड ग्रीन, साडेसहा फूट. आपल्याएवढेच बुटके. तिथे आपल्या रीव्ह्जला, लुकाला आत जागा मिळेल. लोक नावाला घाबरतात. मी उंचीला घाबरतो.

कोपऱ्यातला_थ्री

उंचीच बघायची तर डेन्व्हरचं काय? योकिच या हंगामात सरासरी ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहाच्या वर) करतोय. त्याने 2023 मध्ये आपल्याला 4-0 आणि 2024 मध्ये 4-1 ने पुसलं. पण परवा मंगळवारी त्यांनी प्रशिक्षक मलोनला काढलं. असा फुटका संघ परवडेल की.

आकडेमोड

ह्यूस्टन दुसरं पक्कं आहे, ते आज कशाला जीव काढतील? डेन्व्हर जिंकेल असं धरा. युटा लीगमध्ये तळाला आहे, मिनेसोटाही जिंकेल असं धरा. मग राहिला एकच सामना. क्लिपर्स जिंकले तर वॉरियर्स सातवे आणि तुमच्या वाट्याला मिनेसोटा. झोपमोड, जागायचं असेल तर क्लिपर्स-वॉरियर्ससाठी जागा.

झोपमोड (रात्री)

तक्ता भरला. "हवं कोण" मध्ये मिनेसोटाच लिहिलं, कारण घरात वॉरियर्सशी मालिका म्हणजे दोन आठवडे जेवण गोड लागणार नाही. जुना पोस्ट, रागावू नका. 'का'मध्ये लुका-गोबेअर आणि आकडेमोड यांचा ह्यूस्टनचा मुद्दा. चहाचं आधण ठेवलंय.

झोपमोड (सोमवार, 14 एप्रिल, पहाटे)

ओव्हरटाइम! क्लिपर्स 124, वॉरियर्स 119. हार्डन 39. मिनेसोटाने युटाला 116-105 असं काढलं, एडवर्ड्सने 43 घातले. डेन्व्हरही जिंकलं. लेकर्स-मिनेसोटा ठरलं. मेहुण्याचा फोन लागत नाहीये, मुद्दाम बंद ठेवला असणार.

कोपऱ्यातला_थ्री

मागितलं ते मिळालं! पाच सामन्यांत संपवू.

जुना_पोस्ट, नागपूर

पाचात संपेलही. कुणाचं ते बघू.

फॉगटाउन_कर

आम्ही प्ले-इनला. हसून घ्या. ह्यूस्टन, येतोय.

आकडेमोड (गुरुवार, 1 मे)

धागा वर आणते. आज महाराष्ट्र दिनाची सुट्टी, निदान पाचवा सामना सकाळी निवांत पाहता आला. मिनेसोटा 103, लेकर्स 96. मालिका 4-1.

आजचा एक आकडा मला अजून पचत नाहीये. मिनेसोटाने 47 थ्री मारले, पडले 7. सात! एवढे वाईट नेम असताना कुठलाही संघ हरतो. पण गोबेअरचे 27 गुण आणि 24 रिबाउंड. चुकलेला प्रत्येक बॉल जणू त्याच्याच हातात. हेजला आपले प्रशिक्षक रेडिक यांनी आज उतरवलंच नाही, आणि मॅक्सी क्लेबर इतक्या दिवसांनी दुखापतीतून उठून पाच मिनिटं आला.

जुना_पोस्ट, नागपूर

चौथ्या सामन्यातच कळलं होतं. रेडिकने दुसऱ्या हाफमध्ये तेच पाच जण शेवटपर्यंत ठेवले, एकही बदली नाही. 116-113 ने गेला. शेवटच्या पाच मिनिटांत लेब्रॉनचे, लुकाचे पाय बघा पुन्हा लावून. शॉट पुढच्या कडीवर आपटत होते. थकलेल्या माणसाचा शॉट आधी आखूड पडतो. पण यात एकट्या रेडिकला बोल लावण्यात अर्थ नाही, बाकावर उंच माणूसच नव्हता तर तो उतरवणार कुणाला?

कोपऱ्यातला_थ्री

तिसऱ्या सामन्याला लुकाचं पोट बिघडलं होतं हेही लिहा कुणीतरी. आणि पहिल्या सामन्यात त्याने 37 केले तरी 117-95. बाकीचे काय करत होते?

वाशीची_ताई

क्लिपर्स-डेन्व्हर अजून चालू आहे बरं. चौथ्या सामन्यात ॲरन गॉर्डनने शेवटच्या क्षणी बॉल हवेतून घेऊन रिंगमध्ये टाकला तेव्हा मी किंचाळले, शेजारी दार वाजवायला आले.

झोपमोड

तक्त्यात मेहुण्याने मला 'का'चे पूर्ण गुण दिलेत, आणि शेजारी हसणारा चेहरा. त्याचे वॉरियर्स ह्यूस्टनविरुद्ध 3-2 ने पुढे आहेत. आकडेमोड, तुमचा मुद्दा बरोबर होता, फक्त दुसऱ्या फेरीत दारात उभे राहायला आपणच नाही.

आता नवीन मदत हवी आहे. उरलेल्या तक्त्यात मला ह्यूस्टन लिहायचंय. सहावा सामना आपल्याकडे कधी आहे, आणि ह्यूस्टनच्या बाजूने कुणी सोबत बसणार आहे का?

जुना_पोस्ट, नागपूर

शनिवारी सकाळी. मी आहे. शेन्गुन आणि ॲडम्स या दोन्ही उंच गड्यांना एकदम उतरवताहेत, ते बघायला तरी या.